सतरा नंबरचा लसूणघास

२ एप्रिल १९७९
जिल्ह्याकडून एकाच पाकिटात दोन हुकूम! पहिला — कापसाचं क्षेत्र वाढवा. दुसरा — चाऱ्याचं क्षेत्र वाढवा. जमीन मात्र तेवढीच. ती वाढवायचा हुकूम कुणी काढला नाही.

आमच्या सामुदायिक शेतीचे चेअरमन एशमुरोद-अकांनी चहा ओतला नि म्हणाले, "ओयदिन, सतरा नंबरचं शेत दोन्हीकडे लिहून टाक. रस्त्याच्या कडेनं चाळीस ओळी कापूस लाव, आत तुझा लसूणघास राहू दे. जिल्ह्याचा साहेब गाडीतून उतरतो कधी?"

शेतकी अधिकारी मी, त्यामुळे सही माझी. केली. गावात आता तेवढाच घास उरलाय. तो मोडला तर साठ घरांच्या गाई काय खाणार?

४ एप्रिल
चाळीस ओळी पेरल्या. बायका फिदीफिदी हसत होत्या. मीही हसले.

२१ जून
साहेब आला! गाडीची काच खाली केली, "छान वाढलाय हां कापूस," म्हणाला नि पुढे शेडमध्ये खरबूज खायला गेला. मी गाडी नि घास यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. एशमुरोद-अका मात्र ढिम्म! "बघितलंस? उगाच घाबरतेस."

नंतर होसियत-यांगानं वाटीभर साय आणून दिली. थोरल्या भावाची बायको, पण मला आईसारखी. भाऊ गेल्यापासून तिच्या घरात दोन मुली नि एक गाय, एवढंच. गाय गाभण आहे. "तुझ्या घासावर कशी तुकतुकीत झालीय बघ," म्हणाली.

३१ ऑगस्ट
विमानानं फवारायच्या शेतांची यादी आली. वेचणीआधी कापसाची पानं झडावीत म्हणून टाकतात, ते औषध. यादीत सतरा नंबर! असणारच. कापसाच्या कागदावर तिथे सगळा कापूसच आहे ना. हे मला एप्रिलमध्ये कसं सुचलं नाही? एवढी शिकले नि डोकं गहाण ठेवलं होतं का?

मागल्या साली हेच औषध वाऱ्यानं शेजारच्या गावाच्या चाऱ्यावर गेलं. तीन गाई गाभडल्या.

१ सप्टेंबर
रात्रीचा नान तसाच झाकून ठेवला.

३ सप्टेंबर
एशमुरोद-अका म्हणतात, "पडू दे. त्या दिवशी गाई बांधून ठेवायच्या."
"आणि नंतर? घास तोच खाणार ना त्या?"
"मग जा, सांग साहेबाला, आम्ही खोटं लिहिलं म्हणून!" ओरडलेच. मग हळूच, "मला चार मुलं आहेत गं." अशी चीड आली! मुलं काय यांनाच आहेत?

होसियत-यांगाला सांगितलं. गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काहीतरी कर. पण बोभाटा करू नकोस."

७ सप्टेंबर
सुचलं! शेताच्या टोकाला आपला माणूस निशाण हलवतो, ते बघून वैमानिक औषध सोडतो. निशाण नाही तर औषध नाही. उद्या सतरा नंबरवर मीच उभी राहणार.

८ सप्टेंबर
विमान सरळ माझ्या डोक्यावर आलं. निशाण पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. वळलं, पुन्हा आलं, अगदी खालून गेलं. एक थेंब पडला नाही!

पण वैमानिकाला वरून सगळंच दिसलं होतं. मी धावपट्टीवर पोचले, तोच विमानातून उतरून त्यानं विचारलं, "सतरा नंबरला कापूस कुठाय?" साहेब तिथेच उभा. एशमुरोद-अका बुटांकडे बघायला लागले. मी काहीही म्हणू शकले असते — चुकीच्या शेतावर गेलास, कापूस पलीकडे आहे. पण पाच महिने गिळलेलं एकदम बाहेर पडलं. "तिथे लसूणघास आहे. मी खोटं लिहिलं." साहेबानं शांतपणे लिहून घेतलं.

मोकळं वाटलं. खूप मोकळं! घरी येऊन दोन नान नि वाडगाभर शोरवा संपवला.

१० सप्टेंबर
नोकरी गेली. ते धरलंच होतं. पण सकाळी ट्रॅक्टर आले नि सतरा नंबर मुळासकट नांगरून गेले — पुढल्या साली तिथे फक्त कापूस. होसियत-यांगानं मला घरात घेतलं नाही. दारातूनच म्हणाली, "विष पडलं असतं तर इकडून तिकडून पेंढा मागून महिना काढला असता गं. घासाचं मूळ तर जिवंत राहिलं असतं, पुन्हा फुटला असता. आता काय घालू गाईला? उद्या बाजारात नेतेय."