मेंदीखालचा डाग

दुक्म (ओमान), ११ फेब्रुवारी २०२४

ति. कांताताईस,
दीपूचा सविनय जयभीम. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही. इथं खोलीत सहा माणसं कान लावून, तिथं तुझा फोन सासूबाईंच्या हातात. म्हणून कागद. आमचा रत्नागिरीचा झुबेर गाडी घेऊन मस्कतला जातो, तो तिथल्या रुवी भागातल्या पोस्टात टाकेल.

उजव्या हातावर, करंगळीच्या बाजूला, मनगटापासून वर एक फिकट चट्टा पडलाय. फार्मसीची वर्षं मी वाया घालवली असं बाबा म्हणतात, पण शब्द डोक्यात राहिलेत. सपाट डाग म्हणजे मॅक्युल, उठून आलेली पुळी म्हणजे पॅप्युल, पाणी भरलं की व्हेसिकल. रंग उणा झाला तर हायपोपिगमेंटेशन, साफ उडाला तर डिपिगमेंटेशन. माझा सपाट आहे आणि रंग नुसता उणा झालाय. म्हणजे घामानं आलेलं शिबं असणार. पण कोडाची सुरुवात असली तर? लग्नाचं बोलायचं तर मैत्रीच्या घरी आधीच मी कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा. तिचे वडील इथं मस्कतात, कुरुमला इंजिनिअर. तिच्यासाठी समुद्र ओलांडून आलो आणि अंगावर पांढरा डाग निघाला, तर विषय खलास.

त्यात व्हिसाची मेडिकल आली. मी काय केलं सांगू? रुवीतल्या मेंदीवालीकडून डागावर मैत्रीचं नाव काढून घेतलं, काळ्या मेंदीत, वेलबुट्टीसकट. डॉक्टरनं बाही वर करायला लावली, नाव वाचलं, लग्न कधी म्हणून विचारलं आणि हसत हसत पास केलं. मैत्रीला फोटो पाठवला तर ती दिवसभर हवेत. आहे की नाही तुझ्या भावाला डोकं?

आईला यातलं अक्षर सांगू नकोस. लोभ आहेच, तो आटवू नकोस.

तुझा,
दीपू

महाड, ३ मार्च २०२४

चि. धम्मदीपला,
ताईचा सप्रेम जयभीम आणि लांबूनच एक धपाटा.

डोकं आहे रे, पण ते तू झाकपाक करण्यातच घालवतोस. लहानपणी गुडघा फुटला की त्यावर पायमोजा ओढून जेवायला बसायचास, आणि पू झाला की आम्हाला कळायचं.

कोड असेल तर असू दे. कोडानं माणूस मरत नाही, आणि त्यानं पळणारी मुलगी आत्ताच पळालेली बरी. पण मला एवढं सांग, डाग खाजतो का? तिथं घाम येतो का? चिमटा काढला तर कळतो का? शब्दांची पोपटपंची पुरे, कातडीच्या डॉक्टरला दाखव. आई तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून बसली आहे, तिकडे कोणी येणारं असेल तर कळव.

माया आहे म्हणून बोलते. ती तशीच राहू दे.

तुझी,
कांताताई

दुक्म, २८ एप्रिल २०२४

ति. ताईस, जयभीम.

डाग, डाग, डाग! तू काय माझी सासू आहेस? फार्मसी मी शिकलो की तू? खाजत नाही, दुखत नाही, काही नाही. घामाचं म्हणशील तर इथं घाम कुठला आणि धूळ कुठली, कळतच नाही. झुबेरनं मलम आणून दिलंय, ते लावतोय. आता हा विषय बंद.

चांगलं काही ऐक. परवा मेसमध्ये पैज लागली, चहाचं उकळतं पातेलं एक हात उघडा ठेवून कोण उचलतो. झुबेरनं बोट लावलं आणि आईच्या नावानं बोंबलला. मी डाव्या हातात फडकं घेतलं, उजव्या हाताची कड उघडीच लावली आणि पातेलं आरामात टेबलापर्यंत नेलं. सगळे बाक बडवायला लागले. सकाळी बघतो तर टपोरे फोड. व्हेसिकल गं, ते माझे शब्द. पण दुखायचं नाव नाही. मैत्रीला म्हटलं, तुझं नाव होतं या हातावर, त्याला आग काय करणार? ती रडलीच.

रागावू नकोस. तुझ्याशी नाही भांडणार तर कोणाशी भांडू?

दीपू

महाड, १२ मे २०२४

दीपू,

फोन केला, कामात आहे म्हणून तू कापलास. म्हणून लिहिते.

भीमराव काका तुला आठवत नसतील. मी शाळेत होते. चुलीतला निखारा त्यांच्या टाचेखाली आला. वास आम्हाला आला, त्यांना काही कळलंच नाही. त्यांच्या पाठीवर असाच फिका चट्टा होता आणि घरात कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. मी घेते. महारोग. तो बरा होतो, गोळ्या आहेत, काका त्यानंतर पुष्कळ जगले. पण पाय गेला तो गेलाच, कारण सगळ्यांनी लाजेपायी उशीर केला.

पातेल्याचं वाचून मी तव्यावरची पोळी जळू दिली. मी रागावलेली नाही. मैत्रीला सांग, नको सांगूस, पण डॉक्टरकडे जा. तिकडच्यासारखं सारखं यल्ला यल्ला, चला चला करतोस ना, मग ऊठ.

ताई

मस्कत, ६ ऑक्टोबर २०२४

ति. कांताताईस,
सविनय जयभीम.

मी घरी यायला निघालोय, हे पत्र माझ्या पाठोपाठच येईल. समोर बसून हे सांगता येणार नाही, म्हणून इथूनच लिहितो, तेही पेन मुठीत धरून.

तुझं पत्र मी फाडलं होतं. काकांचं माझ्यावर कशाला ढकलतेस म्हणून झुबेरसमोर तुला नाही नाही ते बोललो. सगळा उन्हाळा तसाच काढला. मग शर्टाचं बटण लागेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं, ते सरळ होईना. झुबेरनंच गाडीत कोंबून आणलं. डॉक्टरीणबाईंनी डागावर कापूस फिरवला, डोळे मिटून सांग म्हणाल्या, आणि मी काहीच सांगू शकलो नाही. कोपरामागची नस दोरीसारखी जाड झाली आहे. गोळ्या सुरू झाल्या. आता माझ्यापासून कोणाला लागण होणार नाही, पण त्या गोळ्यांनी अंग काळवंडेल. रोग बरा होईल. बोटांचं विचारलं तर बाई म्हणाल्या, हिवाळ्यात का नाही आलास?

काल कुरुमला मैत्रीला भेटलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रोगाला घाबरेल. ती नाही घाबरली. उलट तिनंच विचारलं, गोळ्या कधी घ्यायच्या, जेवणाआधी की नंतर. मग मेडिकलचं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली की तो फोटो तिनं ऑफिसभर दाखवला होता, आईलाही दाखवला होता, आणि तिचं नाव मी फक्त झाकण म्हणून वापरलं. तिच्याशी खरं बोलायला मला तिचं नावच आड आलं. मी चिडलो, आवाज चढवला. तुला माहीत आहे मी कसा आहे. तिनं आवाज चढवला नाही.

निघताना तिनं माझा उजवा हात धरला, करंगळीच्या बाजूनं. मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो, म्हटलं, धरलाय तोवर धरू दे. पुष्कळ वेळानं खाली बघितलं. तिनं केव्हाच सोडला होता.

लोभ ठेव.

दीपू