अडतीस नावं

ता. दिंडोरी,
९ जानेवारी २०२५

सुलाबाई यांस खंडेरावाचा नमस्कार.

तिकडे सुरगाण्याला तुमच्या आईची तब्येत आता सुधारली असेल अशी आशा. इकडे थंडी कडक पडली आहे. द्राक्षमण्यांना तडे जातील या धास्तीनं आमचा योगेश पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. आमच्या धोंडाबाईचा गुडघा अजून कुरकुरतोच. तिनं तुमच्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे. वस्तीवरच्या अंगणवाडीत नवी बाई रुजू झाली, पोरांना आवडलेली दिसते.

योगेशकडून कळलं की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेतल्या सत्काराला तुम्ही आणि लहानूनं नको म्हणून कळवलंत. आम्ही दोघांनीच काय केलं, असं म्हणालात म्हणे. म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण जे लिहायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही.

तुम्ही भाऊबहीण सुरगाण्याहून छाटणीच्या टोळीबरोबर पहिल्यांदा माझ्या बागेत आलात, त्याला सतरा वर्षं झाली. टोळी परत गेली, तुम्ही इथल्या मजूर वस्तीवर राहिलात. दिवसभर कात्री चालवायची आणि संध्याकाळी लहानूनं दारोदार जाऊन लोकांचे अर्ज भरायचे, तुम्ही वस्तीवरच्या बायकांना गोळा करून ग्रामसभेला आणायचं. पहिल्या सभेत मी पुढच्या खुर्चीत होतो. तुम्ही दाराशी उभ्या राहून विचारलंत, "नळ गावात आला, मग वस्तीवर का नाय?" आम्ही हसलो. पुढच्या सभेत तुम्ही तेच विचारलंत, त्याच्या पुढच्याही. पाचव्या सभेला नळ मंजूर झाला. रेशनकार्डं, अंगणवाडी, शाळेपर्यंतचा रस्ता, सगळं असंच झालं. त्या रस्त्यानं माझे नातू सायकलवर जातात. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आज मनापासून मानतो.

पण खरं लिहायचं ते पुढेच आहे.

लहानू पहिल्यांदा ग्रामपंचायतीला उभा राहिला, त्या वर्षी वस्तीवरची अडतीस नावं मतदारयादीतून गेली. ही माणसं बाहेरगावची आहेत, इथली रहिवासी नाहीत, अशी कोणीतरी हरकत घेतली होती. सुनावणी आषाढात लागली. माणसं भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावाकडे गेलेली, उत्तर द्यायला एकटा लहानू. तो नऊ मतांनी पडला. हरकत कोणाची, यावर गावात पारावर तर्क चालायचे. मीही त्यात बसायचो.

हरकत माझी होती, सुलाबाई. समोरचं पॅनल माझं होतं, आणि आवणीला वस्ती रिकामी होते हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्षातले दहा महिने माझ्याच बागेत राबणाऱ्या माणसांना मी बाहेरगावचं ठरवलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी लहानूनं पुन्हा अर्ज भरायला घेतले. ती नावं परत यायला दोन वर्षं लागली. पुढच्या खेपेला तुम्ही निवडून आलात. मला वाटत होतं, कोणाला काही कळलेलं नाही.

मग गेल्या पावसाळ्यात नवी यादी तपासताना माझंच नाव नसल्याचं तुम्हाला दिसलं. मयत म्हणून काढलेलं, कोणाची तरी नजरचूक. तुम्ही स्वतः अर्ज घेऊन घरी आलात. धोंडाबाई हसत सुटली, मला हसू येईना. सही करायची सोडून मी अर्ज पुन्हा वाचत बसलो. ती आत चहा टाकायला गेली तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "करा सही, आप्पा. तुमची सही आम्ही वळखतो. लहानूनं ती हरकतीच्या कागदावर पाहिली हाय."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"छाटणी तोंडावर आली होती. सांगितलं असतं तर वस्तीनं तुमच्या बागेत पाय ठेवला नसता. मग लोकांनी खायचं काय?"

एवढं बोलून तुम्ही कागदाची घडी करून पिशवीत ठेवलीत, चहा घेतलात आणि धोंडाबाईच्या गुडघ्याची चौकशी करत बसलात. त्या दिवशीही मला माफी मागता आली नाही. आज मागतो, तुमची आणि लहानूची.

सत्काराची शाल वयानं मोठा म्हणून माझ्या हातून द्यायची असं ठरलंय. तुमच्या नकाराचं कारण तेच असावं, असं मला वाटतं. काल योगेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, हे सभेत सांगावं लागेल."

तेच करणार आहे. सभेत आधी मी उभा राहून सांगेन, मगच सत्कार. शाल कोणाच्या हातून द्यायची ते वस्तीनं ठरवावं. माझा हात नको म्हणाले, तर मी मागे सतरंजीवर बसेन आणि तुम्हा दोघांसाठी टाळ्या वाजवीन. तेवढं मिळालं तरी मला पुष्कळ आहे.

तुम्ही आला नाहीत तरी मी सांगणारच. पण या.

लहानू माझ्या योगेशच्या वयाचा. त्याला आशीर्वाद लिहायला हवा, पण तो माझा अधिकार राहिलेला नाही. त्याला माझा नमस्कार सांगा.

तुमच्याच गावचा,
खंडेराव