रेकॉर्डवरचा चरा

ओफाकिम, ११ नोव्हेंबर २००३

डॅनियलनं आज स्वतःची सीडी लावली. मी मुंबईहून आणलेल्या जॅझच्या रेकॉर्डींचे तुकडे घेऊन, खाली ड्रम घालून केलेला हिप-हॉपचा आल्बम. मी भडकलो. "तुझी आई जाऊन वर्षही झालं नाही. आपल्या यहुदी लोकांत वर्षभर मुलानं गाणंबजावणं ऐकू नये, ठाऊक नाही?" तो हिब्रूत एवढंच म्हणाला, "अबा, ऐक तर."

ऐकलं. ट्रम्पेटच्या मागे कट्, कट्. तोच चरा! रेकॉर्ड पुसताना त्याच्या आईच्या, लेआच्या बांगडीनं पडलेला. पोरानं तो काढला नाही. अख्खं गाणं त्याच्याच तालावर उभं केलंय.

त्या चऱ्यापायी मी लेआशी आठ दिवस बोललो नव्हतो. हे त्याला सांगावं का? पुन्हा लाव, एवढंच म्हटलं.