माप बाबांचं, बाईक ताईची

ता. ११, रविवार, दुपार

प्रिय ताई,

इकडे सगळे बरे आहेत, तूही बरी असशील असं धरून चालतो. पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या ऑफिसात मी पाण्याच्या टाक्या साफ करणारा बनून बोललो, तेव्हापासून तिथली बाईपण माझा आवाज ऐकला की ठेवून देते. राहिलं पत्र. अक्षराला हसू नकोस, शाळेत मी अक्षरासाठी जातच नव्हतो.

आईचा गुडघा बरा. मांजरीला पिल्लं झालीत, गॅरेजमधल्या जुन्या टायरात. शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानातला कपडे घालायचा पुतळा आणून मी त्याला बाबांची डांगरी चढवली आणि गॅरेजच्या दारात उभा केला. एक गिऱ्हाईक त्याच्याशी बराच वेळ भांडत होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "उत्तर देत नाही म्हटल्यावर मीच वाटलो असेन."

बाबा ठीक आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच.

बरं, एवढंच नाही.

तुझी रेसची बाईक विकायला काढली होती. गुरुवारी एक जण बघायला येणार म्हणून मी ती धुतली. धुतल्यावर हुक्की आली, की आईला तुझं हेल्मेट नि बूट घालून वर बसवायचं आणि तुला फोटो पाठवायचा. आई आधी "मेल्या" म्हणाली, मग बसली. बसली ती उतरेचना. "इथून बरं दिसतं रे," म्हणाली.

तेवढ्यात बाबा आले. मला वाटलं हसतील. ते मागच्या चाकाकडेच बघत राहिले.

"टेप आण."

तुला माहितीये, बसणाऱ्याच्या वजनानं मागचा भाग चार बोटं तरी खाली जायला पाहिजे. आई बसली तर जेमतेम दीड. बाईक आपली कोंबडीसारखी शेपूट वर करून उभी. बाबांनी परत मोजलं, परत मोजलं.

"तुझं आणि पोरीचं वजन सारखंच ना?"

"माझे कपडे येतात तिला," आई म्हणाली. "उतरू का आता?"

मग माझ्याकडे वळले. "ही स्प्रिंग बसवताना तिला वर बसवलं होतं का आपण?"

"नाही. तुम्हाला वाकता येत नाही. म्हणून तुम्ही बसायचात आणि ती टेप धरायची."

बाबा हत्यारांच्या पेटीवर बसले. चहा समोर होता, घेतला नाही.

कळलं ना? बाईक तुझ्या वजनाला बसवलेलीच नव्हती, बाबांच्या पोटाला बसवली होती. मागून उंच, स्प्रिंग कडक. वळणात शिरलीस की सगळा भार पुढच्या चाकावर, आणि हँडल थरथरणार. तशी बाईक तू इतके दिवस सांभाळलीस हेच नवल. आणि रेसमध्ये पडलीस त्या दिवशी बाबा सगळ्यांदेखत काय बोलले ते मी लिहीत नाही. "खोट बाईकमध्ये नाही." त्याच्या पुढचं तुला पाठ असेल. त्याच आठवड्यात तू नोकरी धरलीस.

तर गुरुवारी तो बघणारा आला. तुझ्याबरोबर रेसला असायचा तो लांब केसांचा. म्हणाला, "काका, तुमची मुलगी वळणावर घाबरायची ना?" गॅरेजमध्ये बरेच जण होते.

बाबा म्हणाले, "घाबरत नव्हती. माप माझं चुकलं होतं." मोठ्यानं म्हणाले, मागच्या बाकड्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "बाईक विकायची नाही."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"चहा प्यायला."

हे त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. उलट म्हणाले, "तिला कळवू नकोस." पाकिटाला तिकीट मात्र त्यांनीच आणून दिलं.

आता नरम स्प्रिंग टाकलीये, आईच्या वजनाच्या अंदाजानं. पण स्प्रिंग वजनाप्रमाणे कमीजास्त करायचा शॉकअपचा वरचा नट त्यांनी सैलच ठेवलाय. मी कसायला गेलो तर हातावर पान्याचा फटका बसला. "बसणारी येऊ दे," म्हणाले. मी विचारलं, टेप कोण धरणार? तर म्हणे, "मी." वाकायची सवय करताहेत. सकाळी चप्पल उचलायलाही हात टेकत नाहीत, कण्हतात तेवढे.

तेव्हा त्यांची कंबर जायच्या आत ये.

तुझाच,
मेल्या
(आईनं ठेवलेलं नाव, मी काय करू)