पडवीवरचा पत्रा

दादा,

घाबरू नकोस, बाबा शुद्धीवर आहेत. त्यांना घेऊन चौकातल्या दवाखान्यात चाललेय. घाईत ही चिठ्ठी लिहून निघते, फोन चार्ज नाही.

तू कामावर गेलास आणि बाबा शिडी लावून मागच्या पडवीवर चढले. फायबरच्या पत्र्याला उन्हाने तडे गेलेत ना, ते स्वतःच बुजवणार होते. मी खाली कपडे वाळत घालत होते. काडकन आवाज झाला. वर बघते तर पत्र्यातून बाबांचे दोन पाय लोंबकळताहेत! वरून बाबाच म्हणाले, "अगं, बघत काय बसलीस? स्टूल आण."

स्टुलावर चढून मी त्यांचे पाय खांद्यावर घेतले आणि शेजारच्या काकांना हाका मारल्या. काकांनी भोकाच्या कडेचा पत्रा तोडला, मग दोघांनी त्यांना खाली उतरवलं. बरगड्यांना मार आहे, एक्स-रे काढायचाय. दंडात फायबरची कुसळं रुतलीत.

तू वर चढू नकोस. उरलेला पत्राही तेवढाच ठिसूळ झालाय. पत्रेवाल्याला बोलाव.

आणि बाबांना रागावू नकोस. काकांनी विचारलं, "या वयात वर कशाला चढलात?" तर म्हणाले, "पोरगा रविवारी करतो म्हणालाय. आठवड्याची एकच सुट्टी त्याला. ती काय त्याने पत्र्यावर घालवायची?"

लवकर ये.

छोटी