आमच्या घरातून जाणारी वाट

२४ नोव्हेंबर
भावजी मुंबईहून आले. सोबत टेप घेतलेला कंत्राटदार. चहाआधीच आमच्या घराची पश्चिमेची कमान मोजायला सुरुवात. म्हणे ती बंद करायची, मध्ये पाहुण्यांची खोली, नि माझ्या स्वयंपाकाच्या देवडीत संडास-बाथरूम. होमस्टे! माझ्या चुलीच्या जागी संडास! ह्यांनी नेहमीसारखी सुपारी कातरली. धाकट्या भावाला अडवायचं सोडून!

२५ नोव्हेंबर
पाटीही रंगवून आणलीय, ‘शिवकालीन किल्ला’. किल्ला कसला डोंबलाचा! जकातीचं नाकं होतं हे. बंदरावरचा माल इथं अडवायचे, म्हणून दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. एकीत मी रांधते, दुसरीत आम्ही निजतो, वर नगारखान्यात नारळ. मधला रस्ता ही आमची बैठक. तो बंद करायचा नाही, या बोलीवर गावाने ह्यांच्या पूर्वजांना इथं राहू दिलं. जत्रेची पालखी पूर्वेच्या कमानीतून आत येते, घरातून पश्चिमेला बाहेर पडते. त्या दिवशी कॉट, टीव्ही सगळं देवडीत कोंबायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून कोंबतेय, कधी कुरकुर केली नाही.

भावजींना हे सांगितलं. तर म्हणे, “वयनी, आता डांबरी रस्तो आसा. पालखी बाहेरसून जातली.” काय बोलायचं या माणसाला!

१ डिसेंबर
तळेऱ्याला भाचीच्या लग्नाला गेलो दोघं. परत येतो तर भिंत उभी! जांभ्याच्या कमानीत सिमेंटचे ठोकळे, पार वरपर्यंत. वारा बंद. भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. भावजी म्हणतात, घर माझंही आहे. असेल. रस्ता गावाचा आहे ना!
ह्यांना म्हटलं, आता तरी बोला. “जत्रा येवंदे,” एवढंच.

४ डिसेंबर
आज जत्रा. पालखी वाजतगाजत आत आली आणि भिंतीपाशी थबकली. भावजी लगबगीने बाहेरचा रस्ता दाखवायला लागले. भोई हलेनात. मानकरी शांतपणे म्हणाले, “देव आयल्या वाटेन परत जाणा नाय.” आणि पालखी खाली ठेवली. आमच्या बैठकीत, टीव्हीच्या जागी.
भावजींचा चेहरा उतरला. लहानपणी याच पालखीमागून नाचत गेलेला माणूस, एवढंही आठवू नये? चीड येते नुसती.

४ डिसें., दुपार
सगळा गाव आमच्याकडे बसलाय. भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, भजन चाललंय. मी भातामागून भात लावतेय. देव घरात, हात आखडून कसं चालेल.
मघाशी भावजी चुलीपाशी आले. हळूच विचारतात, “वयनी, देव किती दिस रवतलो?”
“ता देवाकच इचारा.”
तेवढ्यात हे उठले. देवडीतून पहार आणली, भावासमोर ठेवली, नि परत जाऊन सुपारी कातरायला बसले.
भावजी पहारीकडे बघतायत. अजून हात लावलेला नाही.
मी आणखी तांदूळ धुवायला घेतले.