मान वळवल्याबद्दलचा खुलासा

ॲशग्रोव्ह, नेब्रास्का
मार्चअखेर

तीर्थस्वरूप आर्डिथ आत्याआजी यांसी,

लीलँडचा आदरपूर्वक नमस्कार. आपल्या खुब्याचे दुखणे या थंडीत कितपत आटोक्यात आहे, टर्कींनी कुंपण ओलांडून पाद्रीबाबांच्या अंगणात जाणे थांबवले की नाही, आणि चर्चच्या गोधडीमंडळात मिसेस टॉर्किल्डसन यांच्याशी आपले बोलणे पुन्हा सुरू झाले का, हे सविस्तर कळवावे. (सुरू झाले नसल्यास घाई करू नये, चूक त्यांचीच होती, असे आमच्या घरात सर्वांचे मत आहे.) इकडे मी, डावा खांदा वगळता, कुशल आहे.

आपण ते दृश्य टीव्हीवर पाहिल्याचे आईकडून समजले. बातम्या संपल्यावर आणि हवामान सांगण्यापूर्वी जी मोकळी जागा असते, तिथे ते आठवडाभर दाखवत आहेत. एक मुलगा आपल्या हातांवर उभ्या असलेल्या मुलीला सोडून देतो आणि दोन्ही हात वर करून उड्या मारतो. तो मुलगा मीच, हे नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या दृश्याचा आगापीछा कापलेला आहे, आणि आगापीछा कापल्यावर कोणताही सभ्य मनुष्य माथेफिरू दिसू शकतो. म्हणून झाला प्रकार क्रमाने सांगतो.

आपण स्वतः याच कॉलेजच्या चीअरलीडर पथकाच्या प्रमुख होता (व्यायामशाळेच्या जिन्यावर आपले छायाचित्र अजून आहे; त्यातील आपली नजर चुकवून वर जाता येत नाही), त्यामुळे आमच्या कामातील मूळ विसंगती आपणास नव्याने सांगायला नको. चीअरलीडरचे तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे असते. गेली तीन वर्षे मी आमच्या बास्केटबॉल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो आहे, आणि या संघाने केलेली एकही बास्केट मी पाहिलेली नाही. सामना मी समोरच्या चेहऱ्यांवरून वाचतो. बायका तोंडावर हात ठेवतात तेव्हा चेंडू आपल्याकडून गेलेला असतो. पुरुष अचानक एकमेकांना मिठ्या मारतात तेव्हा काही तरी शुभ घडलेले असते. आमच्या प्रशिक्षिका मिसेस हॅल्व्हर्सन यांचा नियम याबाबतीत एकच आणि स्पष्ट आहे. जो मान वळवून मैदानाकडे पाहील, त्याला पथकातून काढून पुढच्या हंगामात रानकोंबड्याच्या पोशाखात घालण्यात येईल. आपला संघ ‘रानकोंबडे’ म्हणवतो हा दोष आपल्या पूर्वजांचा. पण तो पिसांचा पोशाख घालून मैदानाच्या कडेने नाचणे हे जिवंत माणसाच्या वाट्याला येते. सध्याचा कोंबडा ड्यूई यंदा पदवी घेऊन जात आहे. जागा रिकामी आहे. तो पोशाख धुता येत नाही, कारण धुतल्यास पिसे सुटतात, आणि आत कोणे एके काळी चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचा, अख्खा वाडगा सांडलेला आहे. त्यामुळे गेल्या तीन वर्षांत कोणाचीही मान वळली नव्हती.

इतक्या वर्षांनी संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि आम्ही त्याच्यामागून स्पोकेनला गेलो. आमचा बँड मात्र हिमवादळामुळे ओमाहाच्या विमानतळावर अडकला, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. अशा वेळी यजमान शहरातील एखाद्या कॉलेजचा बँड उसना घेण्याची पद्धत आहे. दुसऱ्यांची मुले आपले सदरे घालून आपले गाणे वाजवतात, आणि टीव्हीवर कोणाला फरक कळत नाही. बँडमास्तर म्हणून मि. क्विगली नावाचे अतिशय अदबशीर गृहस्थ आले. त्यांनी दुपारभरात आमचे विजयगीत मुलांकडून बसवून घेतले. फक्त हे गाणे संपवायचे कधी, असे त्यांनी विचारले.

येथे सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. आपल्या गीताला शेवट नाही. घरच्या मैदानावर मोठा ढोल वाजवणारे बर्टिल लिंडक्विस्ट यांच्या मनात येईल तेव्हा ते एक जोरकस ठोका देतात. ठोका पडला की वरची मुलगी खाली येते आणि गाणे संपते. हे मिसेस हॅल्व्हर्सन यांनी मि. क्विगलींना सांगायला हवे होते. पण परक्या माणसाला हुकूम सोडणे आपल्याकडे बसत नाही, हे आपण जाणताच. (आपल्या गावच्या चौरस्त्यावर चारही बाजूंनी गाड्या आल्या, की चौघेही ‘आधी तुम्ही’ असा हात करत दुपार घालवतात, मीही तिथे एकदा आइस्क्रीम वितळवले आहे.) त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही पाहुणे. तुमच्या सोयीने होऊ द्या.” ते म्हणाले, “छे छे, बाई, कार्यक्रम तुमचा. तुमची मुलगी उतरली की आम्ही थांबू.” एवढे बोलून दोघांनी एकमेकांचे आभार मानले. नंतर मिसेस हॅल्व्हर्सन यांनी आम्हाला येऊन सांगितले, “बँड थांबला की उतरा.”

सामन्याबद्दल मी काय सांगणार? माझ्या समोर तिसऱ्या रांगेत एक स्थूल गृहस्थ नाचो खात बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून असे दिसत होते, की किनाऱ्यावरच्या एका बलाढ्य विद्यापीठाशी आपण बरोबरीने झुंजत आहोत. शेवटी नाचो तोंडाशी नेलेला त्यांचा हात तसाच राहिला, त्यावरून मी ताडले की आपण एका गुणाने पुढे आहोत आणि वेळ जवळजवळ संपली आहे. तेवढ्यात टाइम-आउट झाला. आम्ही धावत मैदानात गेलो. मी आणि ॲन्सेल खाली, आमच्या तळहातांवर कोरिना उभी. बँडने गीत धरले.

गीत एकदा झाले. दुसऱ्यांदा झाले. कोरिना उतरेना, कारण बँड थांबेना. बँड थांबेना, कारण कोरिना उतरेना. तिसऱ्या फेरीला टाइम-आउट संपल्याचा भोंगा झाला.

“लीलँड, हे संपत का नाही?” कोरिनाने हसू न मोडता दातांतून विचारले.

“मला काय माहीत? तू उतर.”

“ठोक्याशिवाय? हॅल्व्हर्सनबाई मला कच्ची खातील. आणि तू सोडलंस ना, तर मीही खाईन.”

ॲन्सेल म्हणाला, “भांडा नंतर. माझी मनगटं चाललीयेत.”

पंच आले. वयस्क होते, थकलेले होते. “पोरांनो,” ते म्हणाले, “आमची मॅच राहिलीय थोडी. खेळू का?” आम्ही त्यांची मनापासून क्षमा मागितली आणि कोरिनाला तशीच वर धरून, खेकड्याच्या चालीने, बास्केटच्या मागे बँडच्या पुढ्यात आमच्या मूळ जागी जाऊन उभे राहिलो. तोंड अर्थातच प्रेक्षकांकडे. मि. क्विगलींनी मला मानेने विचारले, ‘थांबू?’ मी मानेने कळवले, ‘आपल्या मर्जीने.’ त्यांनी पाचवी फेरी घेतली. खेळ खोळंबल्याबद्दल पंचांनी प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो (एका गुणाची बिनअडथळ्याची फेक) दिला. तो बास्केटमध्ये पडला असता तर बरोबरी. आणि बरोबरी झाली असती, तर उभ्या नेब्रास्काने ती आम्हा तिघांच्या नावावर लिहिली असती.

आत्याआजी, आता नाचोवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. माझा वाचण्याचा एकमेव मजकूर बंद झाला. माझ्या पाठीमागे माझे भवितव्य चालले होते, आणि मला ते सांगणारे कोणी उरले नव्हते. मी मान वळवली.

मला चेंडू दिसला. तो कड्यावर बसला, कड्याभोवती सावकाश फिरला, जणू बसायला जागा शोधतो आहे, आणि बाहेर पडला. (तो खेळाडू हंगामभर चुकला नव्हता म्हणतात. पण डोळ्यांसमोर एक मुलगी पाठमोरी हवेत थांबली आहे आणि तेच गाणे पाचव्यांदा चालले आहे, अशा स्थितीत त्याने पूर्वी फ्री थ्रो टाकला नसावा.) असे काही सुंदर मी आयुष्यात पाहिलेले नाही. माझे हात आपोआप वर गेले. कोरिना ॲन्सेलच्या खांद्यावरून घरंगळून बरोबर मोठ्या ढोलावर बसली. ठोका पडला. बँड थांबला. मि. क्विगलींनी तिला झुकून धन्यवाद दिले.

सामना आपण त्या एका गुणाने जिंकलो. पुढच्या सामन्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. कोरिना सुखरूप असून तिने मला दोनच शब्द ऐकवले, ते या पत्रात बसत नाहीत. मिसेस हॅल्व्हर्सन माझा निकाल ईस्टरनंतर देणार आहेत. आईचे म्हणणे असे, की चर्चच्या रविवारच्या शाळेत आपण त्यांना शिकवले आहे, आजही आपले नाव निघताच त्या खुर्चीत ताठ बसतात, आणि आपण दोन ओळी लिहिल्यास मी पथकात राहीन. ही विनंती मी आपणापर्यंत पोहोचवावी असे आईने बजावले होते. ती मी येथे पोहोचवली आहे. हे पत्र आईस दाखवण्यास हरकत नाही, येथपर्यंत.

आपला आज्ञाधारक,
लीलँड

ता. क. पहिले पान आईसाठी, हे आपल्यासाठी. कृपया ते पत्र लिहू नये. काल ड्यूईने मला पोशाख घालून पाहू दिला. वास आहे, पण चोचीच्या फटीतून संपूर्ण मैदान दिसते. कोंबड्याने कुठे पाहावे याबद्दल नियमच नाही! ड्यूई म्हणाला, “चार वर्षांत एक बास्केट बघायची चुकली नाही माझी. बोलू नको कुठे.”

ता. क. २. आपण माझ्याविरुद्ध लिहिलेत तर उत्तमच. बेजबाबदार, उनाड, घराण्याला बट्टा, जे सुचेल ते.

ता. क. ३. पत्र बंद करता करता समजले, की आज सरावात कोरिनाने मिसेस हॅल्व्हर्सन यांच्या देखत तीनदा मान वळवली आणि त्यांनी तिला “पडल्यामुळे बिचारी घाबरलीय” म्हणून माफ केले. ती उद्या पुन्हा प्रयत्न करणार आहे. पोशाख एकच आहे. कृपया तातडीच्या टपालाने माझी निंदा करावी.